हवाबंद आणि सुतारपक्षी

१९७८ च्या दसऱ्यानंतर कारखाना उघडला, त्या सकाळी पॅकिंग खात्यातली खिळे मारायची बंदूक बंद पडली. खिळा फळीत अर्धाच जात होता आणि चापापाशी हवा फुसफुसत होती. मेंटेनन्सच्या सुपरवायझरना बोलावणं गेलं. ते आले. बंदुकीकडे न बघता सरळ भिंतीशी गेले, हवेचा कॉक फिरवला, नळी सोडवली आणि टेबलाशी येऊन विचारलं, "हवा बंद केली?"

कॉक त्यांनीच फिरवला होता आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी कोणीतरी "केली" म्हणेपर्यंत त्यांनी बंदुकीला हात लावला नाही.

हा प्रश्न ते दर वेळी विचारत, आणि त्यावरूनच त्यांना हवाबंद हे नाव पडलेलं होतं. कोणी ठेवलं ते खात्रीने सांगता येत नाही. टिकलं मात्र दुसऱ्याच कारणाने. त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट बाहेर येत नसे. कोणाचं घरी बिनसलं आहे, कोण दुसरीकडे नोकरी बघतो आहे, कोणाला दारूने धरलं आहे, हे सगळं त्यांच्यापाशी आत जाई आणि तिथेच राही. तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत, पाठीमागे 'हवाबंद'. त्यांना ते माहीत होतं. एकदा टेलिफोन ऑपरेटरच्या तोंडून चुकून "हवाबंद साहेब आहेत का?" असं निघून गेलं. पलीकडून उत्तर आलं, "बोलतोय."

कारखाना चिंचवडला होता. तिथे पंप बनत. डिप्लोमा आणि मग बरीच वर्षं दुसरीकडे नोकरी करून हवाबंद तिथे लागले तेव्हा, साठच्या दशकात, कुंपणापलीकडे ज्वारी उभी असे. मी तिथे डिस्पॅच खात्यात कारकून होतो. वर्तमानपत्रात नंतर गेलो. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं काही मी पाहिलं, काही प्लायवूडच्या भिंतीआडून ऐकलं आणि काही नामदेव मिस्त्रींनी सांगितलं. कुठलं कोणतं ते त्या त्या ठिकाणी नोंदवलं आहे.

नामदेव मिस्त्री हे पॅकिंगमधले मुख्य सुतार. मोशीचे. भावकीत थोडी शेती, हातात वडिलांकडून आलेली सुतारकी. पंप परदेशी जायला लागले तशी त्यांना खोकी लागू लागली, आणि ती खोकी मिस्त्री आणि त्यांची माणसं हातोडीने ठोकत. मग परदेशातल्या एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून ही बंदूक आली. नळीतून दाबाची हवा आत शिरते, चाप ओढला की ती हवा आतल्या दट्ट्याला ढकलते, दट्ट्याची पोलादी पाती खिळ्यावर आदळते आणि खिळा एका दणक्यात फळीत बसतो. एवढंच तिचं काम. तेवढ्याने चार माणसांची हातोडी गप्प झाली.

नाव मिस्त्रींनी ठेवलं. पहिल्या दिवशी ते हाताची घडी घालून बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सुतार आमी, अन् टोचा मारतंय ह्ये. सुतारपक्षी हाय बगा." तेव्हापासून पॅकिंगमध्ये बंदुकीला बंदूक कोणी म्हणेना.

त्याला आणखी एक कारण झालं. बंदुकीची एक रबरी रिंग बदलायची होती आणि हवाबंद बंदूक पिशवीत घालून गेटवर गेले. गेटवर पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. गेटपासवर लिहिलं होतं, 'बंदूक, एक'. सुभेदारांनी पास वाचला, पिशवीकडे पाहिलं, हवाबंदांकडे पाहिलं.

"लायसन?"

"खिळ्यांची आहे."

"कशाचीही असेल. बंदूक बाहेर जाणार नाही."

हवाबंद वाद न घालता परत आले. दुसरा पास करून आणला. त्यावर लिहिलं होतं, 'सुतारपक्षी, एक'. सुभेदारांनी तो वाचला, पिशवीला हात लावून पाहिला आणि विचारलं, "जिवंत आहे?"

"सध्या नाही," हवाबंद म्हणाले. गेट उघडलं. हे मी पाहिलं आहे.

रबराचे सुटे भाग परदेशातून मागवायचे तर परवाना लागे, आणि एवढ्याशा रिंगेसाठी परवाना कोणी काढत नसे. हवाबंदांनी कासारवाडीत स्टेशनाजवळ एक शेड शोधून काढली होती. तिथे एक गृहस्थ स्कूटरचे रबरी भाग ओतत. जुनी रिंग दाखवली की ते तशीच दुसरी करून देत. ती कधी टिके, कधी फुगे. "हा सगळा हवेचा कारभार आहे आणि तो रबराच्या जिवावर चालतो," हवाबंद म्हणत. शर्टाच्या खिशात ते शिवणयंत्राच्या तेलाची छोटी बाटली ठेवत. तिला फडक्याची चिंधी गुंडाळलेली असे. कामाला सुरुवात करण्यापूर्वी बंदुकीच्या तोंडात, म्हणजे जिथे हवेची नळी बसते तिथे, त्यातले एकदोन थेंब. कोणी पंपाचं तेल घालायला गेलं तर हातातून कॅन काढून घेत. त्या तेलाने रबर फुगतं, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं. पुन्हा सांगावं लागलं नाही. कॅन काढून घेणं पुरत असे.

घरीही हेच. चिंचवडच्या चाळवजा इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहत. शेजारपाजारचे स्टोव्ह दुरुस्तीला त्यांच्याकडे येत. वातीच्या नव्हे, पंप मारायच्या पितळी स्टोव्हचं त्यांना प्रेम होतं. स्टोव्ह दारात आला की पहिलं वाक्य, "आधी किल्ली सैल करा." हवा सुटल्याचा आवाज थांबला की मग पिन, मग वॉशर. पुढे इमारतीत प्रेशर कुकर आले आणि त्यांच्या शिट्ट्यांची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणत असू, एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "स्टोव्हला निदान किल्ली तरी असते. ह्यांची कुठे असते ते मला अजून सापडलेलं नाही." हवाबंद आतल्या खोलीत होते. तिथून आवाज आला, "डाव्या बाजूला." काकू हसल्या.

यंत्र बिघडलं की ते ठरावीक क्रमाने जात. पहिल्यांदा हवा: दाबाचा काटा कुठे आहे, नळीला कुठे चीर आहे का. मग तेल. मग रबर. साबणाचं पाणी बोटाने लावत आणि फेस कुठे येतो ते बघत. माणसाला सगळ्यांत शेवटी विचारत. याचं कारण त्यांनी एकदा एका नव्या सुपरवायझरला सांगितलं, तेव्हा मी शेजारी होतो. "आधी माणसाला विचारलंत की तो घाबरतो. घाबरला की खोटं बोलतो. मग तुमच्याकडे दोन बिघाड झाले. यंत्राला विचारून घ्या, ते घाबरत नाही."

त्यांच्या काळात पॅकिंगमध्ये एकाच्याही हातात खिळा गेला नाही. ही गोष्ट मी नंतर तीन माणसांकडून तपासून घेतली आहे.

मिस्त्रींचं आणि त्यांचं कसं होतं ते सांगणं अवघड आहे. दोघं फारसं बोलत नसत. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मात्र शेजारी बसत. मिस्त्री बोलत, हवाबंद भाकरी मोडत. मिस्त्री आपल्या डब्यातली चटणी न विचारता त्यांच्या पानावर ठेवत, कारण काकूंच्या हातची चटणी गोड असते असं त्यांचं मत होतं. बंदूक आल्यापासून मिस्त्रींच्या हाताखालची माणसं एकेक करून दुसऱ्या खात्यांत गेली होती. आणखी किती जाणार, हे कोणी सांगत नव्हतं. याच विषयावर त्या उन्हाळ्यात मिस्त्री भरल्या कॅन्टीनमध्ये म्हणाले, "एक दिस ह्या पाखराचं नरडंच दाबतो बगा." सगळे हसले. हवाबंदही हसले. हे वाक्य पुढे महत्त्वाचं ठरलं.

कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई. पॅकिंगमधली पूजा मिस्त्री करत. करवती, पटाशी, रंधा, हातोडी आणि त्यांच्या मधोमध पाटावर सुतारपक्षी. ज्या पाखराचं नरडं दाबायचं होतं त्याला मिस्त्रींनी त्या वर्षी स्वतः पुसून, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू वाहिलं. नारळ फुटला, पेढे वाटले. मी पेढा घ्यायला गेलो होतो. हवाबंद पूजेआधी येऊन गेले आणि पूजा सुरू असताना दाराशी उभे होते, एवढं मला आठवतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

आणि सुट्टीनंतर चापापाशी ती फुसफुस.

त्या सकाळी पॅकिंगमध्ये पंपांची खोकी बंद व्हायची होती. ट्रक संध्याकाळी मुंबईच्या गोदीकडे निघणार होता. डिस्पॅचचे कागद माझ्या टेबलावर तयार होते, म्हणून मी तिथे होतो. हवाबंदांनी काटा पाहिला. दाब पुरेसा होता. नळी दुसऱ्या हत्याराला जोडून पाहिली. नळीला दोष नव्हता. पुन्हा बंदुकीला जोडून साबणाचं पाणी लावलं. वरच्या झाकणाशी काही नाही, चापाखाली फेस. कॉक बंद केला. "हवा बंद केली?" "केली." चापामागचा व्हॉल्व्ह उघडला.

आत तांदळाचा दाणा होता. लाल. पूजेच्या अक्षतांमधला. व्हॉल्व्ह जिथे टेकतो नेमका तिथे तो अडकला होता, आणि त्याच्यावर आपटून रबराची रिंग चिरली होती. दट्ट्या काढला तर त्याच्या कडेला हळदकुंकू तेलात कालवून चिकट लेप झालेला. म्हणून पाती परत वर येताना रेंगाळत होती.

हवाबंदांनी चिमट्याने दाणा काढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. बराच वेळ ते भिंतीवर लटकणाऱ्या नळीच्या मोकळ्या टोकाकडे बघत राहिले. मग चिरलेली रिंग रुमालात बांधली, पॅकिंगच्या सुपरवायझरना "येतो" म्हणाले आणि सायकल काढून कासारवाडीला गेले. आधी यंत्र, मग माणूस, या त्यांच्या क्रमाला धरूनच हे होतं.

ते गेल्यावर कागदावरचा दाणा पॅकिंगच्या सुपरवायझरनी पाहिला आणि व्यवस्थापकांना सांगितलं. व्यवस्थापक आले, त्यांच्याबरोबर कामगार अधिकारी आले. व्यवस्थापकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बंदुकीला हवेची नळी कायम जोडलेली असते. जोडलेली असताना तांदळाचा दाणा आत जाऊ शकत नाही. म्हणजे कोणीतरी नळी काढली. कशाला काढली? कामगार अधिकाऱ्यांना कॅन्टीनमधलं वाक्य पाठ होतं.

मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावण्यात आलं. केबिन आणि डिस्पॅच यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती. त्यामुळे पुढचं ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही.

"पूजा तू केलीस?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"व्हय."

"नळी कोणी काढली?"

मिस्त्री खाकरले.

"तू काढलीस?"

"न्हाई."

"मग कोणी?"

"ठावं न्हाई, सायेब."

"पाखराचं नरडं दाबतो, असं कोण म्हणालं होतं?" हा आवाज कामगार अधिकाऱ्यांचा होता.

"आमीच म्हनलं व्हतं. हसन्यावारी."

"आता हसू येतंय का?"

कामगार अधिकारी म्हणाले की चौकशी होईपर्यंत मिस्त्रींनी गेटबाहेर थांबावं, आरोपपत्र दुपारनंतर मिळेल. मुद्दाम नुकसान केल्याचा ठपका आला की नोकरी राहत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रींनी डबा घेतला आणि ते बाहेर गेले. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांना 'मुलीचे वडील कंपनीत आहेत' असं सांगितलेलं होतं.

पुढचा भाग मिस्त्रींनी सांगितलेला आहे. ते गेटसमोरच्या चिंचेखाली बसले होते. हवाबंद सायकलवरून परत आले आणि त्यांना बघून उतरले.

"मिस्त्री, बाहेर कसे?"

"हवा खातोय, सायेब."

"कोणी पाठवलं?"

"मोठ्या सायबांनी. नळी कुनी काढली म्हून इचारत व्हते."

"काय सांगितलंत?"

"ठावं न्हाई म्हनलं."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हतं की. समोर तर काढली तुमी."

"मग सांगायचं नाही का?"

मिस्त्रींनी डब्याचं झाकण उगाच उघडून लावलं. "तुमी हवाबंद, सायेब. मंग आमी कशापायी गळायचं?"

हवाबंद सायकल तिथेच मिस्त्रींच्या स्वाधीन करून आत गेले.

नवी रिंग त्यांच्या खिशात होती आणि ट्रक वाट बघत होता. ते पॅकिंगमध्ये गेले नाहीत. सरळ केबिनमध्ये गेले. यंत्र उघडं टाकून ते आधी माणसाकडे गेल्याचं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. केबिनमधलं पुन्हा भिंतीआडून.

"मिळाली रिंग?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"मिळाली."

"मग बसवा लवकर. ट्रक उभा आहे."

"आधी नळीचं सांगतो. नळी मी काढली होती."

खुर्ची मागे सरकली.

"केव्हा?"

"पूजेच्या आधी. हवा जोडलेल्या हत्यारापुढे कोणी कुंकू लावायला वाकू नये म्हणून. कॉक बंद करायचा, नळी काढायची, हा नियम माझाच आहे. काढल्यावर बंदुकीचं तोंड उघडं राहिलं आणि मी ते झाकलं नाही. पाटावर ते वर करून ठेवलेलं होतं. अक्षता वरूनच पडणार."

कामगार अधिकारी म्हणाले, "तुम्ही त्याला वाचवताय."

"वाचवायचं असतं तर दाणा खिशात घातला असता. तुम्हाला दिसला नसता."

"पण तो स्वतः का बोलला नाही?"

"ते त्यांना विचारा. मी माझं सांगतो आहे."

"नरडं दाबतो, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता."

"मीही म्हणतो," हवाबंद म्हणाले. "ती रिंग चिरली की दर वेळी म्हणतो."

व्यवस्थापकांनी विचारलं, "हे लेखी द्याल?"

"द्या कागद."

त्यांनी तिथेच लिहून दिलं. मग ते बाहेर आले आणि माझ्या टेबलाशी थांबले. म्हणाले, "गेटवर जा. मिस्त्रींना म्हणावं, सायकल आत घेऊन या. खिळे मारायला माणूस नाही." एका दमात ते माझ्याशी एवढं क्वचितच बोलत.

मिस्त्री सायकल हातात धरून आत आले तेव्हा सुभेदारांनी गेटपास मागितला नाही.

हवाबंदांनी दट्ट्याचा लेप कोरड्या फडक्याने पुसला, सिलिंडर आतून पुसला, नवी रिंग बोटावर फिरवून तिची कड तपासली आणि बसवली. झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले. तेलाचे दोन थेंब. नळी जोडली. कॉक उघडला. फुसफुस नव्हती. साबणाचं पाणी लावलं, फेस नव्हता. मग त्यांनी बंदूक मिस्त्रींच्या हातात दिली. मिस्त्रींनी सागाच्या तुकड्यावर ती टेकवली आणि चाप ओढला. हवाबंदांनी खिळ्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. ही त्यांची शेवटची तपासणी असे. अंगठा अडला नाही म्हणजे खिळा बसला. अंगठा अडला नाही.

"ठोका," ते म्हणाले.

खोकी बंद झाली. ट्रक गेला.

मिस्त्रींवरचं आरोपपत्र निघालं नाही. हवाबंदांना हलगर्जीपणाबद्दल ताकीद मिळाली. त्या वर्षी असिस्टंट इंजिनिअरची जागा रिकामी होती आणि ती त्यांना मिळेल असं सगळे धरून चालले होते. ती दुसऱ्याला मिळाली. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, ते कळलेलं नाही. त्यांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कॉकमधून पाणी येतंय बघ. कंप्रेसरचा ड्रेन कोणी उघडत नाही वाटतं." आणि ड्रेन उघडायला गेले.

काकूंना हे प्रकरण पुष्कळ दिवसांनी कळलं, तेही माझ्याकडून, मी समजत होतो की त्यांना माहीत आहे म्हणून. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. "तरी म्हटलं," त्या म्हणाल्या, "दसऱ्यानंतर सगळ्या इमारतीचे स्टोव्ह एका आठवड्यात कसे काय दुरुस्त झाले." त्या रात्री हवाबंदांच्या ताटात गोड चटणी दोनदा वाढली गेली, अशी माहिती त्यांनीच दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये दिली. मिस्त्रींनी त्यावर आपली तिखट चटणी त्यांच्या पानावर ठेवली.

मिस्त्रींनी आभार मानले नाहीत. त्यांनी शिसवीच्या एका तुकड्यातून एक टोपी कोरली. अंगठ्याएवढी, आतून पोकळ. बंदुकीच्या हवेच्या तोंडावर ती चपखल बसे. हवाबंदांनी ती हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिली.

"लाकूड आहे. भुसा आत जाईल."

"न्हाई जानार. मेन घासलंय."

"पावसाळ्यात फुगेल."

मिस्त्रींनी टोपी परत घेतली. दुसऱ्या दिवशी आणली तेव्हा तिला आतून सायकलच्या ट्यूबचं अस्तर होतं आणि बाहेरून पूजेच्या लाल नाड्याची दोरी होती, म्हणजे ती बंदुकीला बांधून ठेवता येईल. हवाबंदांनी ती बसवली, ओढून पाहिली, पुन्हा बसवली. "हवा धरते," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून कोणत्याही वस्तूला याहून मोठं प्रमाणपत्र मिळाल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हापासून त्यांचा प्रश्न लांबला. "हवा बंद केली?" "केली." "तोंड बंद केलं?" नवीन माणूस हे ऐकून गप्प बसे. त्याला वाटे आपल्यालाच दटावलं. पॅकिंगवाले मग त्याला टोपी दाखवत.

पुढच्या खंडेनवमीला मिस्त्रींनी हळदकुंकू फक्त त्या टोपीला वाहिलं. हवाबंद दाराशी उभे होते. मिस्त्रींनी त्यांना आत बोलावलं आणि त्यांच्याही कपाळाला कुंकू लावलं. "सायेब, तुमी तोंड मिटा," ते म्हणाले, "न्हाईतर तांदूळ जाईल." हवाबंदांनी खरंच तोंड मिटलं. खातं हसत होतं.

मिस्त्रींच्या माणसांपैकी आणखी दोघं पुढे असेंब्लीत गेले. मिस्त्री राहिले. मुलीचं लग्न मोशीत झालं. हवाबंद आणि काकू गेले होते. मांडवात गॅसबत्ती भडकायला लागली तेव्हा हवाबंद आहेराच्या रांगेतून निघून गेले आणि तिची किल्ली सैल करून आले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हवाबंद निवृत्त झाले. नोटीस बोर्डावर निरोप समारंभाचा कागद लागला तेव्हा दोघा जणांनी मला विचारलं की हे कोण. कागदावर त्यांचं खरं नाव होतं. समारंभात त्यांना बोलायला सांगितलं. ते उठले, "सगळ्यांनी कॉक बंद करून मगच हात लावावा" म्हणाले आणि बसले. नंतर ते आणि काकू तळेगाव दाभाड्याला भावाच्या घराशेजारी राहायला गेले. मिस्त्री महिन्या दोन महिन्यांनी लोकलने तिकडे जात. जाताना चटणी नेत.

मी तोवर वर्तमानपत्रात गेलो होतो. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात हवाबंद वारले. मिस्त्रींनी कचेरीत फोन केला. फोनवर बोलायची त्यांना सवय नव्हती. मोठ्याने बोलत होते. "सायेब गेले," ते म्हणाले. "झोपंतच गेले. कुनाला काय बोलले न्हाईत."

त्या वर्षी खंडेनवमीला मी चिंचवडला गेलो. पॅकिंगमध्ये तोच पाट होता. मिस्त्रींनी नारळ हातात घेतला आणि मग खाली ठेवला. भिंतीशी गेले, कॉक फिरवला, नळी सोडवली. पाटाशी परत येऊन त्यांनी विचारलं, "हवा बंद केली?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. मिस्त्री थांबले.

"केली," मी म्हणालो.

"तोंड?"

त्यांनी स्वतःच टोपी बसवली, लाल नाडा आवळला आणि टोपीला कुंकू लावलं.

दसऱ्यानंतर खातं उघडलं तेव्हा मी तिथे नव्हतो. मिस्त्रींनी सांगितलं की पहिल्या फळीवर त्यांनी सुतारपक्षी टेकवला, चाप ओढला आणि खिळ्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. अंगठा अडला नाही.